पाळीव ससा घरात ठेवावा की अंगणात?

मुलांच्या हट्टापायी ससा घरी येतो आणि दोन-चार दिवसांतच प्रश्न उभा राहतो, याला ठेवायचं कुठे? घरात लेंड्या नकोत, वास नको, म्हणून बऱ्याच ठिकाणी पिंजरा अंगणात, गच्चीवर किंवा गॅलरीत जातो. ‘ससा रानातला प्राणी, त्याला बाहेरचीच सवय’ असं त्यावर सांगितलंही जातं. पण महाराष्ट्रातल्या हवामानात हा निर्णय सशाच्या जिवावर बेतू शकतो.

नाव एक, प्राणी दोन

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. शेतात, माळरानावर दिसतो तो रानससा. तो बीळ करत नाही, गवताच्या आडोशाला उघड्यावरच राहतो. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे, त्यामुळे तो पकडून पाळता येत नाही.

बाजारात मिळणारा ससा वेगळा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीत बिळं खणून गटाने राहतात. त्यांची पिल्लं जन्मतात तेव्हा केस नसलेली आणि डोळे मिटलेली असतात. दिवसाचा बराचसा वेळ हे ससे बिळात काढतात आणि मुख्यतः पहाटे आणि संध्याकाळी चरायला बाहेर पडतात. म्हणजे या सशाला हवी असते सावली, गारवा आणि लपायला जागा. उघड्यावरच्या पिंजऱ्यात नेमकं हेच मिळत नाही.

सगळ्यात मोठा धोका उन्हाचा

सशाला साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पारा ३० च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होऊ शकतो. माणसासारखा घाम त्याला येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकूनही त्याचं अंग फारसं थंड होत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः लांब कान असतात. बाहेरची हवाच तापलेली असेल तर कानांचाही उपयोग राहत नाही.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. कोकणात तापमान कमी असलं तरी दमट उकाडा असतो. पत्र्याखालची गच्ची किंवा पश्चिमेकडची गॅलरी तर दुपारी भट्टीसारखी तापते. ससा जोरजोरात श्वास घेत असेल, लाळ गाळत असेल, कान गरम लागत असतील किंवा तो आडवा पडून हलत नसेल, तर तो उष्माघात समजावा. त्याला लगेच सावलीत आणून कान साध्या पाण्याने ओले करावेत आणि पशुवैद्याकडे न्यावं. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने प्रकृती आणखी बिघडते.

पावसाळा आणि शिकारी

पावसाळ्यात पिंजऱ्यातलं गवत ओलं राहतं. मागच्या बाजूचे केस लघवीने किंवा विष्ठेने माखलेले असतील तर माश्या तिथे अंडी घालतात आणि दिवसभरातच अळ्या पडू शकतात. यात ससा दगावू शकतो.

अंगणात मांजर, भटकी कुत्री, मुंगूस आणि साप यांचाही धोका असतो. कोंबड्यांसाठी वापरतात ती पातळ जाळी कुत्रा सहज फाडतो. जाळी टिकली तरी बाहेर घुटमळणाऱ्या कुत्र्याच्या भीतीनेच ससा दगावण्याची शक्यता असते.

घरात ठेवायचा तर

घरातही सशाला दिवसभर पिंजऱ्यात कोंडणं योग्य नाही. ब्रिटनमधली ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था सशांच्या जोडीसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सुचवते. एवढी जागा जमत नसेल तर एखादी खोली किंवा तिचा कोपरा मोकळा करून द्यावा.

• तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात पायांना जखमा होतात. शहाबादी फरशी गार असते, पण गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून काही भागात सतरंजी अंथरावी.
• सशाचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे तो कुरतडणारच. विजेच्या वायरी उचलून ठेवाव्यात आणि वाळलेलं गवत कायम समोर असावं.
• ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तिथे गवत आणि कागद घातलेला ट्रे ठेवला की तो हळूहळू शिकतो. नसबंदीनंतर ही सवय लवकर लागते.
• लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्यावं. सशाच्या दृष्टीने तेच बीळ.
• ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल तर वाट पाहू नये, पशुवैद्याला गाठावं.

मग बाहेर न्यायचंच नाही का?

न्यावं, पण वेळ पाहून. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, कुणीतरी जवळ बसलेलं असताना, कीटकनाशक न मारलेल्या गवतावर त्याला तासभर बागडू द्यावं. रात्री मात्र तो घरातच हवा.

घरात नीट सांभाळलेला ससा साधारण ८ ते १२ वर्षं जगतो. तेवढी वर्षं घरातला एक कोपरा त्याला देता येणार असेल, तरच ससा आणावा. पिंजरा बाहेरच ठेवावा लागणार असेल, तर न आणलेला बरा.