अडुसष्ट मिलिमीटर

यंत्राचा इतिहास आपण सहसा त्याच्या जन्मापासून लिहितो. कोणी रचले, कोणत्या साली कारखान्याबाहेर पडले, उत्पादन कधी थांबले, एवढे नोंदवले की यंत्राचे चरित्र पूर्ण झाले असे मानले जाते. वस्तुतः मोटारीचे इंजिन कारखान्यात फार थोडा काळ असते. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे ते मिस्त्रींच्या हातांत असते. या दीर्घ काळाचा इतिहास कुठे शोधायचा? त्यासाठी एका विशिष्ट इंजिनाचे उदाहरण घेऊ. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर, एकूण घनफळ १०८९ घन सेंटिमीटर. महाराष्ट्र या इंजिनाला आधी 'फियाट' आणि पुढे 'पद्मिनी' म्हणून ओळखत आला. इटलीतल्या एका अभिजात स्पोर्ट्स कारचे इंजिनही याच कुळातले होते.

फियाटने १९३७ साली '५०८ सी' ही सामान्य कुटुंबासाठीची मोटार बाजारात आणली. तिच्या रचनेमागे दांते जिआकोसा हा अभियंता होता. बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचे हेड, अशी इंजिनाची साधी बांधणी होती. या साधेपणामुळेच ते शर्यतवाल्यांच्या नजरेत भरले. अल्फा रोमिओ सोडलेल्या एन्झो फेरारीने १९४० साली '८१५' नावाची गाडी केली, तेव्हा तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनासाठी याच फियाटचे भाग वापरले. त्या वर्षीच्या ब्रेशाच्या शर्यतीत उतरलेल्या दोन्ही ८१५ गाड्या अखेरपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत. महायुद्धानंतर पिएरो दुसिओ या उद्योजकाच्या चिसितालिया कंपनीने हेच फियाट इंजिन सुधारून आपल्या गाड्यांत बसवले. जून १९४७ मध्ये 'मिल्ले मिलिया' या हजार मैलांच्या शर्यतीत ५४ वर्षांच्या ताझिओ नुव्होलारीने चिसितालिया चालवली आणि कितीतरी मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमिओच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला. याच कंपनीच्या '२०२' या गाडीला पिनिन फारिनाने दिलेला देह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ साली प्रदर्शनात मांडला आणि १९७२ साली ही गाडी आपल्या कायम संग्रहात घेतली.

त्या शर्यतीनंतर दोन महिन्यांच्या आत भारत स्वतंत्र झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात परदेशी मोटारींची जुळणी करू लागली होती. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले, की ज्यांचा टप्प्याटप्प्याने येथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपला येथील गाशा गुंडाळला; प्रीमियर टिकली आणि फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ साली संपले. आपल्याकडे हीच गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' झाली आणि शतक संपेपर्यंत निघत राहिली. ६८ बाय ७५ हे माप मात्र बदलले नाही.

आता या इंजिनाच्या आत शिरू. इंजिन 'बसले' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. पाणी आटून ॲल्युमिनियमचे हेड तापते, वाकते आणि गॅसकिट फुटते. किंवा पिस्टन सिलिंडरला घासून भिंतीवर ओरखडे काढतो. किंवा तेलाचा दाब पडून क्रँकवरचे बेअरिंग जळते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये अवघे काही शतांश मिलिमीटर तेल असते आणि सगळा भार त्या पापुद्र्यावर तोललेला असतो. फेरे दुप्पट झाले की पिस्टनच्या धावपळीतून येणारा भार चौपट होतो. कुटुंबाच्या गाडीचे इंजिन शर्यतीला लावले की ते आतून का मोडते, याचे उत्तर या हिशेबात आहे. दादरच्या चढावर खच्चून भरलेली टॅक्सी आणि ब्रेशाच्या रस्त्यावरची चिसितालिया यांची आतली दुखणी म्हणूनच वेगळ्या जातीची नसत.

उपचारही एकच असे. इंजिन उतरवायचे, उघडायचे, रॉकेलने धुवायचे. क्रँकला तडा गेला आहे की काय हे पाहण्याची जुन्या मिस्त्रींची रीत मोठी सुंदर होती: भाग रॉकेलमध्ये भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि त्यावर खडूची भुकटी लावून थांबायचे. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. क्रँक शाबूत असेल तर तो ग्राइंड करून किंचित बारीक करायचा आणि त्या मापाचे जाड बेअरिंग घालायचे. सिलिंडरला बोअर मारून व्यास किंचित वाढवायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) चिकलठाणा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ट्रकची, ट्रॅक्टरची आणि पाणी उपसणाऱ्या डिझेल पंपांची इंजिने ज्या कौशल्याने पुन्हा उभी राहिली, त्याच कौशल्यावर मराठवाड्यातल्या फियाटही चालल्या. लेथसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला गाडीचे घराणे विचारण्याची गरज नव्हती. त्याला माप पुरेसे होते.

या मापातच इतिहास साठतो. ६८ चा बोअर ६९ केला की १०८९ चे इंजिन ११२२ घन सेंटिमीटरचे होते. म्हणजे कागदोपत्री इंजिन तेच राहते, पण प्रत्येक दुरुस्तीगणिक ते थोडे मोठे होत जाते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत याला आणखी एक पेच होता. ११०० च्या गटात धावणाऱ्या गाडीला वाढायला ०.३ मिलिमीटरच जागा असे, ०.४ वाढवले की घनफळ ११०२ होऊन गाडी गटाबाहेर जाई. टॅक्सीला असे बंधन नव्हते, पण तिलाही नवा ब्लॉक टाकणे सोपे नव्हते, कारण आर.सी. बुकात इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असे. त्यामुळे जुनाच ब्लॉक पुन्हा पुन्हा बोअर होई. भिंत फार पातळ झाली की आत लायनर ठोकून तो पुन्हा ६८ वर आणला जाई. असा ब्लॉक मोजू पाहणाऱ्याला त्यात झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे त्याचे आयुष्य वाचता येते.

चिकलठाण्याचा भोवताल या काळात पालटत गेला. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकीचे सुटे भाग बनवणारे उद्योग शहराभोवती वाढले. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारींची जुळणी होऊ लागली. ज्या हातांना दुरुस्तीतून माप कळले होते, त्यांच्या पुढच्या पिढीला उत्पादनात काम मिळाले. ही प्रगतीच होती, तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण उत्पादनातला कामगार एकच माप हजार वेळा साधतो आणि दुरुस्ती करणाऱ्याला दर वेळी नव्या बिघाडातून माप शोधून काढावे लागते. ही दोन ज्ञाने वेगळी आहेत. पहिल्याची पुस्तके आहेत, आराखडे आहेत. दुसरे माणसाबरोबर जाते. आजच्या अनेक इंजिनांच्या बाबतीत तर आतून इजा झाली की अख्खे इंजिन बदलणे हेच स्वस्त पडते.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी कायमची गेली. तेव्हा वृत्तपत्रांतून आठवणी आल्या. त्या प्रवाशांच्या होत्या. ६८ मिलिमीटरच्या त्या भोकाला किती वेळा बोअर मारला, कोणी मारला, लायनर कुठून आणला, याविषयी त्यांत काही नव्हते. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने चिसितालियाचा देह जपला, तोही पत्र्याच्या सौंदर्यासाठी. तिच्या कुळातले इंजिन चालते ठेवले ते टॅक्सीवाल्यांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी.

आपल्या विद्यापीठांतून लोकगीतांचे, ओव्यांचे, बलुतेदारांच्या शब्दांचे संकलन झाले. वर्कशॉपची मराठी मात्र अजून कोशाबाहेर आहे. 'बोअर मारणे', 'हाफ इंजिन', 'गाडी तेल खाते', 'हेड फेस करणे' हे शब्द म्हणजे केवळ बोलीचे नमुने नव्हेत, ती एका ज्ञानाची परिभाषा आहे. तिचे जाणकार आज सत्तरीच्या पुढे आहेत. चिकलठाण्यातल्या एखाद्या जुन्या शेडमध्ये वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन बसणारा एखादा विद्यार्थी येत्या पाच-दहा वर्षांत निघाला, तर त्याला हा इतिहास थेट तोंडून मिळेल. त्यानंतर उरतील ते ब्लॉक, आणि ते भंगाराच्या भावाने विकले जातात.