टोल्युइन, तोफगोळा आणि करवत

मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारांत धारातीर्थीं पडले. १९४२ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळांत त्यांच्या आझाद दस्त्यानें वीज वाहून नेणारे ११ मनोरे पाडले होते. मुख्य हत्यार होतें लोखंड कापावयाची करवत. उलट, ज्या साम्राज्याशीं हा झगडा होता त्याच्या तोफगोळ्यांत टोल्युइन नांवाच्या एका निर्मळ द्रवापासून केलेली दारू भरली जात होती.

१८३७ सालीं पेलेत्ये आणि वॉल्टर या रसायनज्ञांस पाइनच्या तेलांत हा द्रव प्रथम सांपडला. १८४१ मध्यें देव्हिल यानें तो दक्षिण अमेरिकेंतील टोलू नांवाच्या सुगंधी राळेपासून काढला; त्या राळेवरूनच पुढें त्याचें नांव पडलें.

त्याची घटना सोपी आहे. बेन्झीनमधील सहा कार्बन-अणूंच्या कड्याला मेथिलची एक शाखा जोडली, कीं टोल्युइन झालें. पण एवढ्यानें गुण पालटतात. बेन्झीन ५.५ अंश सेंटिग्रेडला गोठतें; टोल्युइन उणे ९५ अंशांपर्यंत द्रवच राहतें आणि ११०.६ अंशांवर उकळतें. शिवाय या शाखेमुळें कड्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया अधिक सुलभ होते.

याच क्रियेनें १८६३ मध्यें विल्ब्रांड या जर्मन रसायनज्ञानें ट्रायनायट्रोटोल्युइन, म्हणजेच टी. एन. टी., सिद्ध केलें. प्रथम त्याचा उपयोग पिवळा रंग म्हणून झाला. तें साध्या धक्क्यानें सहसा फुटत नाहीं; सुमारें ८० अंशांवर वितळतें. म्हणून वाफेच्या उष्णतेनें पातळ करून गोळ्यांत ओततां येतें. पहिल्या महायुद्धांत दगडी कोळशापासून मिळणारें टोल्युइन अपुरें पडूं लागलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें तें खनिज तेलापासून विपुल निर्माण केलें.

आज हाच द्रव रंग, थिनर आणि शाई यांत वापरला जातो. मात्र कोंदट जागेंत त्याची वाफ हुंगल्यास मेंदूला व मज्जातंतूंना अपाय होतो. द्रव्याला स्वतःचा पक्ष नसतो. तें ज्याच्या हातीं पडेल त्याचें काम करतें.

तोफगोळा रणांगणांत फुटतो, पण युद्धाचें बळ खाणी, कारखाने, आगगाड्या आणि विजेच्या तारा यांवर उभें असतें. हें मर्म त्या डोंगरांतील तरुणांनीं जाणलें होतें. म्हणूनच त्यांची करवत तोफेवर नव्हे, मनोऱ्याच्या पायावर चालली. आणि त्याचें मोल त्यांनीं सिद्धगडाच्या पायथ्याशीं प्राण देऊन चुकविलें.