हरलेल्यांनी मिळवून दिलेला वकील

माझ्या लहानपणी जिंतूरच्या आमच्या मोहल्ल्यातून एका हमालाच्या मुलाला पोलिसांनी नेले. त्याच्या अम्मीने चांदीचे तोडे विकून वकील केला. गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे तिला कुणी सांगितले नाही. आम्हालाही ठाऊक नव्हते. पुढे या हक्काचा इतिहास वाचला, तेव्हा दिसले की तो ज्यांच्या खटल्यांतून घडला, ते स्वतः हरले होते.

जिंतूर पूर्वी हैदराबाद राज्यात होते. पोलीस ॲक्शननंतर तिथे विशेष न्यायाधिकरणे नेमली गेली. त्यांनी फाशी सुनावलेल्या तेलंगणातल्या काही आरोपींची तक्रार होती की, आम्हाला वकीलच दिला नाही. मार्च १९५१ मध्ये जनार्दन रेड्डी खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला : वकील नव्हता एवढ्यावरूनच खटला रद्द होत नाही.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०४ आले आणि सेशन्स कोर्टात गरीब आरोपीला वकील देणे बंधनकारक झाले. १९७६ मध्ये राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचे कलम ३९-अ जोडले गेले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातला होसकोट खटला आला. बनावट पदव्यांच्या प्रकरणातला हा कैदी. तुरुंगात निकालाची प्रत मिळाली नाही, म्हणून अपिलाला उशीर झाला, असे तो म्हणाला. त्याची याचिका फेटाळली गेली. पण कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मोफत देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात लिहिले.

२०१२ मध्ये कसाबची फाशी कायम झाली. त्याच निकालात कोर्टाने बजावले की, आरोपीला पहिल्यांदा हजर करताच मॅजिस्ट्रेटने वकिलाचा हक्क सांगावा आणि वकील द्यावा. नाही केले तर त्यांच्यावर खात्याची कारवाई होईल. ज्याच्याविषयी कुणाला दया नव्हती, त्याच्या खटल्यातून निरपराधांनाही संरक्षण मिळाले. इन्साफ असाच असतो. तो माणूस पाहून दिला, तर उद्या आपल्यालाही नाकारता येतो.

१९८७ च्या कायद्याने अटकेतला माणूस, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, हेल्पलाइन १५१००. एक गैरसमज मात्र टाळा : ‘सरकारी वकील’ हा आरोपीच्या विरोधात उभा राहतो. आपण मागायचा तो विधी सेवेचा वकील, आणि तोही पहिल्याच दिवशी.

दागिने विकण्याआधी एवढे विचारा.