लोणारला बोअर कशासाठी घेतले?

मंडळी, बुलढाण्यात तांबं-सोनं मिळेल का, असं आपण विचारतो. विदर्भात तांबं आहे, पण ते चंद्रपूरच्या ठाणेवासना भागात. तिथले खडक फार जुने. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण.

लोणारचं जुनं धन म्हणजे सरोवराचा खार. काच-साबणाच्या त्या मालाची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. पण १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर झालं कसं? ज्वालामुखीनं की उल्केनं?

अमेरिकेत ॲरिझोनामध्येही असंच विवर आहे. खाण व्यावसायिक डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ मध्ये त्यावर हक्क घेतला. खाली उल्केचं प्रचंड लोखंड पुरलेलं आहे, ही त्यांची खात्री. थांबत-थांबत १९२९ पर्यंत खोदलं. त्याच वर्षी गणितानं दाखवलं, की उल्का आदळताच बहुतेक वाफ होऊन गेली. विवराचं कारण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. हिशेब चुकला तो खजिन्याचा.

लोणारला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकांनी बोअर घेतले, ते खजिन्यासाठी नव्हे. वर आलेल्या दगडांत आघातानं काच झालेली खनिजं सापडली. एवढा दाब ज्वालामुखी देत नाही. १९७३ मध्ये हा निष्कर्ष छापून आला.

विकण्यासारखं काही निघालं नाही, हे खरंच. पण तेव्हा खोदलं नसतं, तर आपण अजून ज्वालामुखीवरच भांडत बसलो असतो.