पाठीवरचे मचाण

शिकारीच्या मचाणाचे वजन कसे घटत गेले हे सांगताना बहुतेक जण पदार्थांची वंशावळ मांडतात: आधी लाकूड, मग पोलाद, मग अॅल्युमिनियम, आता कार्बन फायबर. क्रम बरोबर आहे, कारण मात्र त्यात नाही. मचाण हलके झाले ते ते वाहण्याची पाळी खुद्द शिकाऱ्यावर आली म्हणून. हिंदुस्थानात साहेब आणि संस्थानिक शतकभर मचाणावर बसले, पण त्याचे वजन कोणी काढले नाही. बांबू, फांद्या, दोर तिथल्या तिथे मिळत, नाहीतर गावातली बाज झाडावर चढवून बांधली जाई, आणि हे सारे करायला गावची माणसे असत, बहुधा बेगारीची. जिम कॉर्बेटने मे १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो आंब्यावरच्या मचाणातून, सलग अकराव्या रात्री. असे मचाण एकदा बांधले की तिथेच राही. उचलून न्यायचे नसल्याने ते हलके करण्याची गरजही कोणाला भासली नाही.

ती गरज अमेरिकेत निर्माण झाली. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार हा सामान्य माणसाचा छंद, आणि हाताशी नोकर नाही. १९६९ मध्ये हॉलिस विल्बर अॅलन यांना कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले आणि पुढे धनुर्धारी शिकारी झपाट्याने वाढले. बाणाचा पल्ला वीस-तीस मीटरचा, म्हणजे हरिण अगदी जवळ यायला हवे. उंचावर बसले की त्याच्या नजरेतून आणि बऱ्याच अंशी वासातूनही सुटता येते. स्वतःच्या रानात फळ्या ठोकून भागे. सरकारी जंगलात मात्र अनेक ठिकाणी झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायला बंदी, आणि कित्येक ठिकाणी मचाण काढून नेण्याची सक्ती. म्हणून दोन भागांचे चढते मचाण रुळले: बैठकीवर भार टाकायचा, पायांनी खालचा तळ वर ओढायचा, मग तळावर उभे राहून बैठक सरकवायची. शरीराच्या भारानेच चौकट खोडाला करकचून धरते. सुरुवातीची अशी मचाणे प्लायवूड आणि धातूच्या चौकटीची होती. अंधारात ती पाठीवर घेऊन चालणाऱ्याला प्रत्येक किलो जाणवणारच.

यावर आक्षेप असा की अॅल्युमिनियम स्वस्त नसते तर नुसत्या गरजेने काय होणार होते? पण अॅल्युमिनियम दुसऱ्या महायुद्धानंतर मुबलक होते, आणि तरी पुढे कितीतरी वर्षे लोक फळ्याच ठोकत राहिले. शिवाय या धातूची जादू वाटते तेवढी नाही. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, अॅल्युमिनियमची २.७, पण ताठपणाही त्याच प्रमाणात उतरतो, सुमारे २०० गिगापास्कलवरून ६९ वर. वजनामागे ताठपणा दोघांचा जवळपास सारखाच, आणि चांगले लाकूडही फार मागे नाही. मग फायदा कुठून येतो? आकारातून. तेवढ्याच वजनात अॅल्युमिनियमचा पत्रा जाड करता येतो, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. पोकळ नळी, फासळ्यांचा ओतीव तळ, हे त्याच हिशेबाचे रूप आहे. बांबूने तो हिशेब कधीच केला होता. गरज हेच खरे कारण, याचा उलट पडताळा आपल्याकडेही घेता येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद होत गेली, आणि ताडोबा-मेळघाटात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजायला जी मचाणे लागतात ती वाहून न्यायची नसतात. तिथे हलकेपणाची चर्चाच नाही.

कार्बन फायबरला हा युक्तिवाद पुरता लागू होत नाही, हे मान्य. वजनामागे त्याचा ताठपणा खरोखरच धातूंहून सरस. पण ते महाग आहे, आणि अॅल्युमिनियम आधी वाकून इशारा देते तसे ते देत नाही. आतला तडा दिसेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. माझ्या मते खरी झेप पदार्थाची नव्हेच. ती झोळीची: कमरेभोवती पट्ट्यांची झोळी, ती दोराने खोडाला बांधलेली, पायाखाली ताटाएवढा तळ. नऊ-दहा किलोच्या चढत्या मचाणातली बैठक आणि हात टेकायची दांडी इथे उरतच नाही, भार सरळ झाडच पेलते. दोर आणि पट्टा यांत मात्र ग्रॅम वाचवायला जाऊ नये: अमेरिकेतल्या शिकारीच्या अपघातांत मचाणावरून पडण्याचा वाटा मोठा आहे.