पाखरं धरणारे हात

जिवंत पक्षी हातात कसा धरायचा, हे मी प्राणिशास्त्राच्या वर्गात नाही, भरतपूरच्या तळ्याकाठी मीरशिकारांकडून शिकले. बिहारच्या या मुसलमान पारध्यांचा पिढीजात धंदाच पाखरं पकडायचा. त्यांतले सर्वांत नावाजलेले अली हुसेन.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालायला १९२७ मध्ये धार संस्थानात सुरुवात केली होती, पण काम वाढलं ते १९५९ नंतर. दोनच वर्षांपूर्वी कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला होता. तो पसरवणाऱ्या गोचिडी सैबेरियाकडून येणारे पक्षी तर आणत नाहीत ना, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले, पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी मोहीम उभी केली. हजारो पक्षी इजा न होता पकडायचे कुणी? शास्त्रज्ञांना ते येत नव्हतं. मीरशिकारांना येत होतं.

चिमणीएवढा पक्षी असला तर पाठ तळव्यात आणि मान पहिल्या दोन बोटांच्या मध्ये. छाती दाबायची नाही, श्वास तिथूनच चालतो. बगळा असला तर आधी चोच धरायची, कारण तो थेट डोळ्यावर वार करतो. जाळ्यातून सोडवताना पक्षी ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने काढायचा, बहुधा पायांपासून. मी घाई केली की मला शिकवणारे मीरशिकार चाचा एवढंच म्हणत, "बेटी, जाल से मत लड़ो."

आपल्याकडे हीच विद्या फासेपारध्यांकडे होती. फासे मांडून, पाळलेल्या तित्तिराच्या हाकेवर रानातले तित्तिर ओढायचे. इंग्रजांनी कायदा करून त्यांना गुन्हेगार जमातींत टाकलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला. तो हवाच होता, असं मी आजही म्हणेन. पण त्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी एक अख्खा धंदा बेकायदा ठरवला आणि त्या धंद्यातल्या माणसांनी पुढे काय करायचं, याचा विचार फारसा कुणी केला नाही. कडी घालण्याच्या, म्हणजे रिंगिंगच्या, कामात ज्यांना मजुरी मिळाली ते थोडे नशीबवान.

पक्ष्याच्या पायातल्या अॅल्युमिनियमच्या कड्यावर नंबर असतो आणि मुंबईच्या संस्थेला कळवा, अशी इंग्रजी सूचना. पक्षी परदेशात सापडला की शोधनिबंध निघतो. त्यावर मोजमाप घेणाऱ्याचं नाव असतं, पकडणाऱ्याचं क्वचितच. निबंधाच्या लेखकांमध्ये त्याचंही नाव छापलं पाहिजे. तळटीपेतल्या आभारांवर भागवू नये.