औरस, अनौरस आणि दत्तक: लेडी फॉकलंडचे घराणे आणि बोरघाटाची वाट

लोणावळा आणि खंडाळा ही ठिकाणे १८७१ मध्ये एल्फिन्स्टनने शोधून काढली, असे विधान पर्यटनाच्या पुस्तिकांतून वर्षानुवर्षे छापले जात असले, तरी ते कालगणनेच्या साध्या कसोटीलाही उतरत नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्येच मुंबईचे गव्हर्नरपद सोडून मायदेशी गेला आणि १८५९ मध्ये वारला. त्याचा पुतण्या लॉर्ड एल्फिन्स्टन हा १८५३ मध्ये त्याच पदावर आला, पण तोही १८६० मध्ये निवर्तला. शिवाय ज्या मुलखातून देशावरचे धान्य कोकणात आणि कोकणचे मीठ देशावर शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून जात होते, तो मुलूख कोणी 'शोधून काढण्याची' गरज नव्हती. रेल्वे येण्याच्या आधी घाटमाथ्यावर जो मुक्काम प्रसिद्ध होता तो खंडाळ्याचा. लोणावळ्याची वाढ रेल्वेनंतरची आहे. या रेल्वेपूर्व खंडाळ्याच्या अखेरच्या काळात, म्हणजे १८४८ ते १८५३ या वर्षांत, मुंबई आणि पुणे यांच्यामधली ही वाट एका अशा स्त्रीच्या नित्याच्या जाण्यायेण्याची होती, जिचा पिता इंग्लंडचा राजा होता आणि तरीही जी राजकन्या नव्हती. तिचे नाव अमेलिया फिट्झक्लॅरेन्स. विवाहानंतर ती व्हायकाउंटेस फॉकलंड म्हणून ओळखली गेली. व्हायकाउंट हा ब्रिटिश उमरावांच्या श्रेणीत अर्लच्या खालचा आणि बॅरनच्या वरचा दर्जा असून व्हायकाउंटेस ही त्याची पत्नी होय.

अमेलियाचा जन्म १८०७ चा. तिचा पिता, क्लॅरेन्सचा ड्यूक विल्यम, हा राजा तिसऱ्या जॉर्जचा तिसरा मुलगा आणि आई डोरोथिया जॉर्डन ही आयर्लंडमधून आलेली, लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात विनोदी भूमिकांसाठी गाजलेली अभिनेत्री. दोघांचा संसार सुमारे वीस वर्षे चालला, त्यांना दहा अपत्ये झाली आणि अमेलिया ही त्यांतली सर्वांत धाकटी. हा संसार विवाहाविना होता, कारण १७७२ च्या कायद्यान्वये राजघराण्यातील व्यक्तीचा विवाह राजाच्या संमतीवाचून वैध ठरत नसे, आणि एका अभिनेत्रीशी विवाहाला अशी संमती मिळणे अशक्यच होते. १८११ मध्ये ड्यूकने हे नाते तोडले. मुलींचा ताबा काही वर्षे आईकडे राहील, मात्र तिने पुन्हा रंगभूमीवर पाऊल ठेवले तर तो जाईल, अशी अट तिला घालण्यात आली. पैशाच्या अडचणीमुळे तिला रंगभूमीवर परतावे लागले आणि मुली दुरावल्या. १८१६ मध्ये पॅरिसजवळ सां-क्लू येथे ती हलाखीत मरण पावली, त्या वेळी अमेलिया नऊ वर्षांची होती. ज्या कलेच्या कमाईवर या कुटुंबाचा बराच खर्च चालला होता, त्याच कलेपायी आईला मुली गमवाव्या लागल्या, ही त्या व्यवस्थेची क्रूरता नोंदवल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही.

पित्याने पुढे १८१८ मध्ये सॅक्स-मायनिंगेनच्या ॲडेलेडशी रीतसर विवाह केला. या विवाहातील अपत्ये जगली नाहीत, आणि तो १८३० मध्ये चौथा विल्यम म्हणून गादीवर आला तेव्हा अशी स्थिती होती की राजाला हयात मुलगे होते, पण वारस म्हणून पुतणी व्हिक्टोरिया हिचे नाव लागले. अनौरस संततीला, म्हणजे विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेल्या मुलांना, इंग्लिश कायद्यात वारसाहक्क नव्हता. व्हिक्टोरिया ही अमेलियाची सख्खी चुलत बहीण. एक सिंहासनावर बसली आणि दुसरीला मोठ्या घरात देऊन मार्गी लावण्यात आले. २७ डिसेंबर १८३० रोजी ब्रायटनच्या राजवाड्यात अमेलियाचा विवाह लुशियस बेंटिंक कॅरी, दहावा व्हायकाउंट फॉकलंड, याच्याशी झाला. घराणे स्कॉटलंडच्या उमरावकीतले आणि जुने होते. त्याचा एक पूर्वज इंग्लंडच्या यादवी युद्धात १६४३ मध्ये न्यूबरीच्या लढाईत पडला होता आणि दुसऱ्या एकाचे नाव दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांना मिळाले आहे. मात्र संपत्ती बेताची होती, वरपिता १८०९ मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला होता, आणि म्हणून वसाहतींतील अधिकारपदे हा या कुटुंबाच्या चरितार्थाचा मार्ग ठरला. १८४० ते १८४६ अशी सहा वर्षे फॉकलंडने कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा कारभार पाहिला आणि १ मे १८४८ रोजी मुंबईच्या गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली.

हिंदुस्थानशी फिट्झक्लॅरेन्स भावंडांचा संबंध मात्र त्याच्या तीन दशके आधीचा आहे. थोरले दोघे भाऊ, जॉर्ज आणि हेन्री, त्यांच्या पलटणीतील एका बखेड्यानंतर इकडे पाठवले गेले आणि दोघेही गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज याच्या खाशा अधिकाऱ्यांत सामील झाले. हेन्री १८१७ मध्ये अलाहाबादला वारला. जॉर्ज त्याच वर्षाच्या अखेरीस, पेशवाईच्या शेवटच्या युद्धाची धामधूम चालू असताना, हेस्टिंग्जचे खलिते घेऊन निघाला, दख्खन ओलांडून मुंबईस पोचला आणि तेथून इजिप्तमार्गे इंग्लंडला गेला. त्या प्रवासाची त्याची रोजनिशी १८१९ मध्ये छापली गेली. हाच जॉर्ज पुढे मन्स्टरचा अर्ल आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीचा अध्यक्ष झाला, पण १८४२ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून आयुष्य संपवले. राजाच्या अनौरस मुलांना पदव्या आणि पलटणी देता येत होत्या, मात्र त्यांना इंग्लंडमध्ये निश्चित असे स्थान देणे अवघड होते. साम्राज्याचा विस्तार हा अशा कुटुंबांना जागा करून देणारा एक सोयीचा मार्ग होता, आणि मावळची वाट त्या मार्गाचाच एक तुकडा ठरली.

त्या काळी मुंबई सरकार वर्षातून तीन ठिकाणी राहत असे: हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुण्याजवळचे दापोडी. मुंबईहून दापोडीस जायचे तर प्रथम खाडीने पनवेल बंदर गाठावे लागे. तेथून खोपोलीपर्यंतची वाट सपाटीची. खोपोलीला नाना फडणविसाने बांधवलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ हा घाटाखालचा विसावा. पुढे बोरघाट लागे. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तो तोफा चढवण्याजोगा करून घेतला होता, आणि चाके असलेली वाहने बिनदिक्कत जाऊ शकतील असा रस्ता गव्हर्नर माल्कमने बांधवून १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला, म्हणजे अमेलियाच्या विवाहाच्या जेमतेम सात आठवडे आधी. रस्ता झाला तरी पालखीचा काळ लगेच संपला नाही. घाटात वाहून नेण्याचे काम भोयांच्या खांद्यांवरच राहिले. ठरलेल्या टप्प्यावर नवी जोडी खांदा देई आणि थकलेली बाजूला होई. माथ्यावर खंडाळा, त्याच्या समोर नागफणीचा सुळका, ज्याला इंग्रजांनी वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक ठरवून टाकले. पावसाळ्यात दरीत उतरणारे धबधबे. मग लोणावळ्याची झाडी, लोहगड आणि विसापूरची जोडगोळी, कार्ल्याचा डोंगर, १७७९ मध्ये इंग्रजांना मानहानिकारक तह करावा लागला ते वडगाव, आणि शेवटी पवना-मुळेच्या संगमाजवळची दापोडी.

कार्ल्यासंबंधी युरोपीय स्त्रियांनी लिहिण्याची प्रथा अमेलियाच्या आधीपासूनची होती. मारिया ग्रॅहॅम हिने १८०९ मध्येच या लेण्याला भेट देऊन आपल्या प्रवासवृत्तात त्याचे वर्णन केले होते. सुमारे १२४ फूट लांबीचे हे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेले दालन, देशातील सर्वांत भव्य मानले जाते. खडकात कोरलेल्या कमानदार छताला मूळच्या सागवानी फासळ्या अजूनही लगडलेल्या आहेत. दगडाला लाकडी आधाराची काहीच गरज नसताना कारागिरांनी त्या बसवल्या, कारण जुन्या लाकडी इमारतीचे रूप त्यांना मोडायचे नव्हते. चैत्याच्या दाराशीच एकवीरा आईचे देऊळ असून कोळी-आगरी समाजाची चैत्रातील यात्रा तेथे भरते. लेण्यातील कोरीव लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याच्याबरोबर साध्या गृहिणी आणि भिक्षुणी यांचीही नावे दात्या म्हणून आली आहेत, आणि स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या दानामुळे दोन हजार वर्षे टिकल्याची ही उदाहरणे मावळच्या इतिहासात फार मोलाची आहेत.

दापोडीचा बंगला मुळात पेशव्यांच्या पदरी कवायती फौज बाळगणाऱ्या कॅप्टन फोर्डचा. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत फोर्ड इंग्रजांकडे गेला आणि पुढे माल्कमने बंगला सरकारसाठी विकत घेऊन १८२८ मध्ये तेथे वनस्पतिबाग सुरू केली. फॉकलंड दांपत्य येथे राहत होते तेव्हा बाग अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे होती, जो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षकही होता. त्याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात बागेतील वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे तयार झाली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत, पण ज्या एतद्देशीय चित्रकाराने पाकळ्यांच्या शिरा आणि बियांचे छेद इतक्या बारकाईने टिपले त्याचे नाव कोठेही लिहून ठेवलेले नाही. एकाच आवारात गव्हर्नरपत्नीची रोजनिशी लिहिली जात होती आणि हा चित्रकार काम करीत होता. एकीचे नाव मुखपृष्ठावर आले, दुसऱ्याचे चित्राच्या कोपऱ्यातही नाही.

याच काळात साताऱ्याचे प्रकरण घडले. गादीवरील आप्पासाहेब उर्फ शहाजी महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले आणि मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला. दत्तक म्हणजे विधिपूर्वक स्वीकारलेला पुत्र. धर्मशास्त्रानुसार तो पिंडदानाला आणि वारशाला औरसाइतकाच अधिकारी. मावळता गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने १८१९ च्या तहातील 'वारस' या शब्दाचा प्रामाणिक अर्थ लावून दत्तकाला मान्यता द्यावी असे मत दिले, परंतु त्याच्या जागी आलेल्या फॉकलंडने आपल्या सल्लागार मंडळाबरोबर खालसा करण्याची बाजू घेतली आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या धोरणानुसार १८४९ मध्ये शिवछत्रपतींच्या वंशाचे हे राज्य बुडाले. इंग्लंडच्या कायद्यात दत्तकविधानाला १९२६ पर्यंत स्थानच नव्हते. रक्त राजाचे असूनही विवाह नाही म्हणून ज्या कायद्याने अमेलियाच्या भावांना वारसा नाकारला, त्याच कायद्याच्या संस्कारात वाढलेल्या अधिकाऱ्यांनी विधी यथासांग होऊनही रक्त नाही म्हणून साताऱ्याच्या मुलाला तो नाकारला. दोन्ही ठिकाणी वारसा ठरवण्याचा अधिकार कुटुंबाकडून काढून घेतला गेला, फरक इतकाच की एकीकडे त्याची भरपाई पदव्यांनी झाली आणि दुसरीकडे प्रजेसह अख्खे राज्य गेले. हा अन्याय होता, आणि तो गव्हर्नरच्या घराला आतून ठाऊक असलेल्या जातीचा अन्याय होता.

१८५२ मध्ये अमेलियाचा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक फिट्झक्लॅरेन्स मुंबई इलाख्याचा सरसेनापती होऊन आला, त्यामुळे मुलकी आणि लष्करी सत्तेची दोन सर्वोच्च पदे काही काळ एकाच कुटुंबात होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली, त्या समारंभाला गव्हर्नर आणि सरसेनापती दोघेही हजर नव्हते. ते आदल्याच दिवशी थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फॉकलंडने पदभार सोडला. फ्रेडरिक मागे राहिला आणि ३० ऑक्टोबर १८५४ रोजी पुरंदर किल्ल्यावर, जेथे गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यस्थान होते, तेथे मरण पावला. त्याची एकुलती मुलगीही पुढच्याच वर्षी गेली. त्याची पत्नी लेडी ऑगस्टा हिने नवरा आणि मुलगी यांच्या स्मरणार्थ इंग्लंडच्या उत्तर टोकाला, एटल गावी, प्रार्थनामंदिर बांधले.

अमेलिया इजिप्त आणि सीरिया पाहत परतली आणि १८५७ मध्ये तिची रोजनिशी 'चाउ-चाउ' या नावाने दोन खंडांत प्रसिद्ध झाली. फेरीवाल्याच्या टोपलीतल्या बारीकसारीक चीजवस्तूंच्या सरमिसळीसारखे हे लेखन आहे, असे नावातूनच सुचवलेले असून १९३० मध्ये एच. जी. रॉलिन्सन याने त्याची नवी आवृत्ती संपादित केली. या ग्रंथाचे महत्त्व त्याच्या तारखांत आहे. १८५६ मध्ये बोरघाटात रेल्वेचे काम सुरू झाले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्या आल्या वारला, त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे चालवले, हजारो मजूर पटकी आणि अपघातांना बळी पडले, आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी जाऊ लागली. त्यानंतर भोयांचे टप्पे, पनवेल बंदराची वर्दळ आणि खंडाळ्याचा अनिवार्य मुक्काम हे सारे काही वर्षांत ओसरले. दापोडीचा बंगलाही १८६५ मध्ये विकला गेला, कारण गणेशखिंडीत नवे गव्हर्नमेंट हाउस उभे राहत होते. म्हणून जुन्या घाटवाटेच्या अखेरच्या वर्षांचा अभ्यास करणाऱ्याने हे पुस्तक, त्यातील अधिकारी वर्गाची नजर ध्यानात ठेवून, अवश्य वाचावे.

२ जुलै १८५८ रोजी अमेलिया वारली. फॉकलंडने पुढच्या वर्षी दुसरा विवाह केला आणि तो १८८४ पर्यंत जगला. त्यांचा एकुलता मुलगा लुशियस १८७१ मध्ये निपुत्रिक मरण पावल्याने ही शाखा संपली आणि पदवी व्हायकाउंटच्या धाकट्या भावाकडे, ॲडमिरल प्लँटॅजेनेट कॅरीकडे, गेली. महाबळेश्वरला फॉकलंड पॉइंट आहे. मुंबईत नाट्यगृहांच्या आणि तमाशाच्या थिएटरांच्या वस्तीतला फॉकलंड रोडही त्याच गव्हर्नरच्या नावाचा होता. आता तो पठ्ठे बापूराव मार्ग आहे.